एक तास ठेवलं हाय

समुद्रकाठचा माणूस हवापालटाला समुद्रपूरला निघाला, तर त्याची जेवढी थट्टा व्हायला हवी तेवढी माझी स्टाफरूममध्ये झाली. गुहागरला आमच्या शाळेच्या मागे सुरूचं बन आहे आणि बनाच्या मागे समुद्र. तो सोडून मी वर्धा जिल्ह्यातल्या अशा गावी चाललो होतो, जिथे समुद्र फक्त नावात आहे. इतिहासाच्या बाईंनी विचारलं, तिथे पाहण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, माझा एक मित्र आहे. त्या म्हणाल्या, ते ठीक, पण पाहण्यासारखं काय?

आता जाऊन आलो आहे, तेव्हा सविस्तर सांगतो. आधी मी कोण ते सांगायला हवं, कारण या प्रवासात जी फजिती झाली ती माझ्या धंद्यामुळेच झाली. मी गणित शिकवतो आणि गेली सत्तावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावतो. पहिला तास कोणाचा, चौथा कोणाचा, कोणाचा कधी ऑफ, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. सुट्टीतसुद्धा घंटेची वेळ झाली की मी उगाच उठून उभा राहतो असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

मित्राचं नाव गुणवंत. पुण्याला बी.एस्सी.ला असताना वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. भात खाऊन त्याला जेवल्यासारखं वाटत नसे आणि भाकरी खाऊन मला उचक्या लागत. तो पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला गेला की मोठ्याने हसायचा. पदवी घेऊन तो सरळ गावी गेला आणि शेती करू लागला. मी बी.एड. करून मास्तर झालो. काही वर्षं पत्रं चालली, मग थांबली, मग मोबाइल आले.

चौदा वर्षांपूर्वी त्याच्या गावातली काही मंडळी कोकणातली शेती पाहायला सहलीने आली होती. गुणवंत त्यांच्यातून एक दिवस सटकला आणि न कळवता माझ्या शाळेत येऊन उभा राहिला, खांद्यावर तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन. मार्च महिना, परीक्षा तोंडावर, आणि सगळी परीक्षा माझ्या गळ्यात. मला इतका आनंद झाला आणि त्याच वेळी इतकी धास्ती वाटली, की तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं: ‘गुण्या, मला एकच तास आहे रे.’ चौथा तास माझा ऑफ होता. स्टाफरूममध्ये आम्ही चहा प्यायलो. काय बोललो ते आठवत नाही. घंटा झाली, मी उठलो. संध्याकाळी सुटून बाहेर आलो तोवर तो एकटाच समुद्र पाहून एसटीत बसून गेलेला होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि तेव्हा मी त्याच्याबरोबर नव्हतो. त्याला घरी नेलं नाही की जेवायला घातलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, आणि मग दर हिवाळ्यात येऊ लागला. पीकपाण्याचं बोलून झालं की शेवटी तो म्हणायचा, ‘एक तास ठेवलं हाय तुह्यासाठी. येजो.’

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान गरम झाले. मी त्याला एक तास दिला होता. आता तो मला एक तास देत होता. टोमणा चांगला होता, लागायचा तिथे लागला. ‘ठेवलं’ या शब्दाचं मी मनातल्या मनात ‘ठेवला’ करून घेत असे. वऱ्हाडी माणसाला तास पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे कुठलं कळायला, असं मला वाटे. आणि ‘येजो’ला मी ‘बघू’ म्हणायचो. आमच्याकडेही निरोप घेताना ‘या एकदा’ म्हणतात, पण म्हणून कोणी खरंच आलं तर घरात पळापळ होते. येजो हे त्यातलंच असणार असं मी धरून चाललो होतो.

या डिसेंबरात फोन आला तेव्हा त्याने पुढे एक वाक्य जोडलं. ‘औंदा ठेवलं हाय. पुढच्या साली जमते का नाई, सांगता येत नाई. गुडघे गेले माहे.’ इतकी वर्षं धरलेला राग हा माणूस आता सोडून देणार आणि त्याबरोबर मलाही, असं माझ्या मनाने घेतलं. चौपन्नाव्या वर्षी नवे मित्र होत नाहीत; ओळखी होतात. आपल्याला ‘अरे’ म्हणणारी माणसं हाताच्या बोटांवर उरलेली असतात. जाऊन त्याची माफी मागायची, आणि तो अजून आपला आहे का ते पाहायचं, एवढं ठरवून मी पाच किरकोळ रजा टाकल्या. मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला.

समुद्रपूर

हिंगणघाटला रेल्वेतून उतरून एसटीत बसलो. कोकणात वळण घेतल्याशिवाय पुढचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे माणूस जागा राहतो. इथे पुढचं गाव केव्हाचं समोर दिसत होतं आणि काही केल्या येत नव्हतं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत शेवटच्या वेचणीचा राहिलेला कापूस, आणि वर एवढं आकाश की आमच्याकडे तेवढ्यात चार गावं मावली असती. सुरुवातीला मला अगदी उघड्यावर आल्यासारखं वाटलं. नंतर लक्षात आलं की समुद्रावर उभं राहिलं की असंच वाटतं, आणि गावाच्या नावाबद्दल माझी तक्रार थोडी कमी झाली.

स्टँडसमोर चहा मागितला. चहावाल्याने माझी बॅग, चष्मा आणि बूट नीट पाहून घेतले आणि कुठले म्हणून विचारलं. गुहागर म्हटल्यावर त्याने किटली खाली ठेवली.

‘म्हंजे गुणवंतभाऊचे मास्तर काय तुम्ही? तासवाले?’

मी कप खाली ठेवला. तो गुणवंतच्याच गावचा निघाला. त्याने दुसरा चहा आग्रहाने पाजला, पण माझं त्याकडे लक्ष नव्हतं. मित्राला एका तासात वाटेला लावणारा मास्तर म्हणून माझी कीर्ती तालुक्याच्या स्टँडपर्यंत पोचली होती. परतीची एसटी किती वाजता आहे हे मी फलकावर पाहून ठेवलं, हे इथे कबूल करतो.

तेवढ्यात गुणवंत मोटारसायकलवरून आला. मिशा पांढऱ्या, पोट पुढे आलेलं, उतरताना एक हात गुडघ्यावर. हसणं मात्र तेच, पत्त्यांत पकडला गेल्यावरचं. ‘काऊन गा सदा, इतका काऊन सुकला?’ असं म्हणून त्याने माझी बॅग हिसकावून घेतली. समुद्रातले मासे संपले का, अशीही चौकशी केली. माझ्या चेहऱ्यावर तो काही शोधतोय का ते मी पाहत होतो. शोधत असेल तर त्याने तसं दाखवलं नाही.

त्याचं गाव गिरडच्या रस्त्यावर आहे, लहान आहे. घरी निर्मलावहिनींनी पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि लगेच जेवायला बसवलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी ‘किती दिवस आहात’ असं विचारतात. इथे तो प्रश्न मी निघेपर्यंत कोणी विचारला नाही. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, वांग्याच्या भाजीत तुरीचे हिरवे दाणे. या दाण्यांना ते सोले म्हणतात. पहिल्या घासालाच मला कळलं की इतकी वर्षं मी तूर म्हणून जी खात होतो ती तिची वाळलेली आठवण होती. उचक्याही लागल्या नाहीत.

वहिनींनी विचारलं, ‘भाऊजी, वरून सांबार टाकू काय?’

इतक्या लांब इडलीबरोबरचं सांबार मिळेल असं वाटलं नव्हतं. वांग्याच्या भाजीवर सांबार ओतण्याची पद्धत मला विचित्र वाटली, पण मी प्रवाशाच्या उत्साहाने म्हटलं, वाटीत द्या, आणि जरा जास्तच द्या. वहिनी क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या आणि बारीक चिरलेल्या कोथिंबिरीने शिगोशीग भरलेली वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. पाहुण्याने समोर आलेलं नाकारू नये हे आईने शिकवलेलं. मी चमचा मागून घेतला आणि मान खाली घालून खाऊ लागलो. अर्धी वाटी संपली तेव्हा वहिनींनी हळूच नवऱ्याला विचारलेलं ऐकू आलं, ‘कोकणात असंच खातात काय वो?’

गुणवंतला ठसका लागला. पाणी प्यायला, डोळे पुसले, मग त्याने खुलासा केला की इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं, की इथे ओळखीचा शब्द दिसला म्हणून तो ओळखीचाच असेल असं नाही. आलं नाही.

दुपारी अंगणातल्या कडुलिंबाखाली दोन बाजा टाकून आम्ही पडलो. मला दुपारी झोपायची सवय नाही. दुपारी माझा पाचवा तास असतो. पण बाजेचं सुंभ अंगाला बेताने टोचत होतं, लिंबाची पानं हलत होती, आणि शेजारी गुणवंत वसतिगृहात घोरायचा त्याच पट्टीत घोरत होता. मी दोन तास झोपलो. उठलो तर अंगणात चार-पाच माणसं मला पाहायला येऊन बसलेली. एक आजोबा काठी टेकत जवळ आले, मला खालीवर पाहून म्हणाले, ‘हेच काय ते तासवाले? मले वाटलं उंच असन.’ सगळे हसले. मीही हसलो, पण मला काही बरं वाटलं नाही.

संध्याकाळी वहिनींनी तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून परातभर आणून ठेवल्या. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात राहतात, साल हातात. परात कधी रिकामी झाली ते कळलं नाही. मग पत्ते काढले. गुणवंतने तिसऱ्या डावाला बदामाची राणी मांडीखाली सरकवली. मी पाहिलं आणि बोललो नाही, कारण ज्याची माफी मागायची त्याला चोर कसं म्हणायचं हा प्रश्न होता. तोच थोड्या वेळाने म्हणाला, पकडत काऊन नाई बे, आजारी हायेस काय?

गिरड

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून गिरडला गेलो. वाटेत रश्शातले पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तर्री ओततात ही गोष्ट कोकणात सांगितली तर लोक हळहळतील. मी दोन प्लेट खाल्ल्या.

गिरडला टेकडीवर एका बाबांचा दर्गा आहे. सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात, नवस बोलतात, फेडतात. मला कुतूहल होतं ते तिथल्या दगडांचं. टेकडीवर जायफळ-सुपारीएवढे गोल दगड सापडतात. लोक सांगतात, एका व्यापाऱ्याने बाबांची चेष्टा केली आणि त्याच्या पोत्यांतला सगळा माल जागच्या जागी दगड झाला. आमच्या विज्ञानाच्या सरांना दाखवायला मी दोन उचलले. मग वाटलं, दुसऱ्याचा माल आहे, आणि खाली ठेवले. गुणवंत म्हणाला, नेतात सगळेच, ने. मी पुन्हा उचलले. ते खिशात खुळखुळत होते आणि मी विचार करत होतो, की सहज म्हणून निघालेलं एखादं वाक्यही असंच घट्ट होऊन बसतं.

गुणवंतचे गुडघे चढावर बोलू लागले म्हणून आम्ही पायऱ्यांवर बसलो. खाली शेतं, त्यापलीकडे जंगलाची कड. हीच वेळ, असं ठरवून मी घसा साफ केला आणि म्हटलं, गुण्या, त्या वर्षी तू शाळेत आला होतास ना. तो लगेच म्हणाला, हो, च्या मस्त होता. माझी पुढची वाक्यं, जी मी रेल्वेत पाठ केली होती, चहापाशीच अडली. तो खाली बोट दाखवून वाघ मागच्या महिन्यात कुठून कुठे गेला ते सांगू लागला. मग म्हणाला, ‘उद्या वावरात जाऊ. तुहं तास पाहू.’

वावर म्हणजे शेत, एवढं मला वसतिगृहापासून माहीत होतं. म्हणजे उद्या, शेतावर, माझा तो एक तास. मी विचारलं, किती वाजता? तो माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत म्हणाला, सकाळी, ऊन चढाच्या आधी. मला थोडा राग आला. इतक्या लांबून आलेल्या माणसाला हा अजून तासाची भाषा करतोय. मी जरा कुजकटपणेच विचारलं, ‘तुझा तास केवढा मोठा असतो रे?’

‘धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत,’ तो म्हणाला.

धुरा हा शब्द मला नवा होता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत असं काहीतरी असेल, असा मी तर्क केला आणि मला एकदम बरं वाटलं. म्हणजे निदान पूर्ण दिवस तरी देणार होता.

वावर

तिसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून सकाळी साडेसातला तयार. शेत गावापासून जवळ. गुणवंत काठी टेकत पुढे, मी मागे, वहिनी डोक्यावर टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे. काळ्या मातीची ढेकळं बुटांखाली फुटत होती. आमच्या तांबड्या मातीत पाऊल घसरतं, ही पाऊल धरून ठेवते.

पराटी, म्हणजे कपाशी, बरीचशी वेचून झाली होती. मधूनमधून तुरीच्या उंच रांगा होत्या. आपल्याला शेतीतलंही थोडं कळतं हे दाखवायला मी विचारलं, या दोन पिकांचा हिशेब कसा ठेवता? गुणवंत चालता चालता म्हणाला, ‘आठ तासं पराटी, मंग एक तास तूर. मंग आणखी आठ तासं पराटी.’

मी थांबलो. म्हटलं, आठ काय?

‘तासं,’ तो म्हणाला. गणिताच्या मास्तरला आठ कळत नाहीत की काय, असं त्याला वाटलं असावं. त्याने काठीने दाखवलं. एक रांग, या बांधापासून थेट त्या बांधापर्यंत. ‘हे एक तास. ते दुसरं. हा इकडचा धुरा, तो तिकडचा.’

चौदा वर्षं एक माणूस शुद्ध, बिनचूक नपुंसकलिंगात बोलत होता आणि मी त्याचं व्याकरण सुधारत होतो.

पलीकडून बाईचा आवाज आला. शेताच्या शेवटी दगडांच्या ओट्यावर एक काटक म्हातारी हातात गोफण घेऊन उभी होती. ती राखणीची सखूबाई. तिचं घर गोंडांचं, गिरडकडच्या जंगलाच्या अंगाचं. बहिणीशी फोनवर ती त्यांच्या भाषेत बोलत होती. मला त्यातला एकच शब्द कळला, तो ‘मास्तर’. फोन कनवटीला लावून ती खाली उतरली आणि म्हणाली, ‘आले काय मास्तर? लय वर्सं लावली, बाप्पा. पाहा, हे तुमचं तास.’

पराटी संपते तिथे, धुऱ्याला लागून, ज्वारीची एकच रांग उभी होती. माझ्या डोक्याच्या वर गेलेली. आणि तिच्या प्रत्येक कणसाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली: हिरवी, जांभळी, गुलाबी, फुलाफुलांची. या भागात आता ज्वारी कोणी फारशी लावत नाही, वहिनी सांगू लागल्या. रानडुकरं आणि पाखरं ठेवत नाहीत. राखायचं म्हटलं तर माणूस दिवसभर उभा करावा लागतो. पण यांनी चौदा वर्षांत एक साल सोडलं नाही. दसऱ्याच्या आधी पेरायची, लुगड्यांच्या पट्ट्या बांधायच्या, आणि हुरड्यावर आली की गुहागरला फोन करायचा. गावात सगळे या रांगेला मास्तरचं तास म्हणतात. माझं जांभळं लुगडं तर नवं होतं, असंही वहिनी म्हणाल्या, आणि ते त्या विसरलेल्या दिसल्या नाहीत.

मी विचारलं, मी येत नव्हतो तेव्हा या कणसांचं काय व्हायचं? हुरडा आठ-दहा दिवसच कोवळा राहतो, मग दाणा टणक होतो, एवढं मला तिथे समजलं होतं.

‘तीन वर्सं डुकरानं खाल्लं,’ गुणवंत म्हणाला. ‘काही साली पाखरायले सोडलं. काही साली मीच खाल्लं, खोटं काऊन बोलू? तू काय येत होता?’

सखूबाईने खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या. निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. मी पहिल्याच कणसाला हात पोळून घेतले. माझ्या हातून दाणे कमी आणि कोंडा जास्त निघत होता. गुणवंतने माझ्या ओंजळीत त्याचे चोळलेले दाणे ओतले. हिरवे, मऊ, गोड, आणि वरून जवसाची चटणी. कोकणी माणसाने चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा हुरडा खाल्ला. मला एकदम रडू आलं. धुराचं निमित्त होतं, पण सखूबाईने तोंड फिरवलं त्याअर्थी तिला ते कळलं असावं.

मग पाठ केलेली वाक्यं राहिली बाजूला. मी म्हटलं, ‘गुण्या, तू एवढ्या लांबून आलास आणि मी तुला एक तास दिला. तू हे म्हणायचास तेव्हा मला वाटायचं तू मला तेच ऐकवतोस. म्हणून आलो नाही. चुकलं माझं.’

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो आधी पोट धरून हसला, इतका की वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं. मग कणीस चोळायचं थांबवून माझ्याकडे न पाहता बोलला.

‘तवा तुह्याजोळ तेवढाच एक तास मोकळा होता. तो तू मले देल्ला. घंटी झाली तवा तुहं तोंड पाह्यलं होतं मी. तुले उठाचं नोतं. मी गाडीत बसून तेच पाहात आलो घरी. मंग म्हटलं, मास्तरजोळ तास असते, तसं आपल्याजोळ बी असते. त्यानं त्याचा देल्ला, आपून आपलं ठेवू.’

आणि वर म्हणाला, ‘समुद्र मात्र लय मोठा निघाला. एकट्याले संपला नाई.’

मी पुढचं कणीस निखाऱ्यात खुपसलं.

ऊन चढलं, उतरलं. आम्ही तिघं-चौघं त्या खड्ड्याभोवती बसून होतो. वसतिगृहातल्या खोलीतला ढेकूण, मेसच्या आमटीतलं पाणी, कोणाचे केस गेले, कोणाचे गुडघे, सगळं निघालं. पत्तेही निघाले, आणि या वेळी बदामाची राणी मी दुसऱ्या डावालाच पकडली. मनगटावरचं घड्याळ मी दिवसभरात एकदाही पाहिलं नाही. काळ्या राखेने माखलेल्या हातांनी ते कोण वर करणार?

निघताना गुणवंतने लुगड्याच्या पाच पट्ट्या माझ्या हातात दिल्या. बियाण्याची कणसं आधी निवडून खूण करतात, ती तोडत नाहीत, उभीच वाळू देतात. दरवर्षी हे काम तो स्वतः करतो. आता गुडघे वाकत नाहीत, असं तो म्हणाला; कणसं मात्र वर असतात, तेव्हा हे कारण काही मला पटलं नाही. पण मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. सखूबाई मागून चालत कोणतं भरलेलं, कोणतं पोकळ ते सांगत होती. पेपर तपासताना लावत नाही एवढा वेळ लावून मी पाच कणसं निवडली आणि वहिनींच्या जांभळ्या पट्ट्या त्यांच्या देठांना घट्ट बांधल्या.

परत निघताना

समुद्रपूरच्या स्टँडवर गुणवंत आणि वहिनी सोडायला आले. बॅगेत तुरीची डाळ, जवसाची चटणी, गिरडचे दोन दगड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सांबाराची एक जुडी, ती वहिनींनी थट्टेने दिलेली. चहावाल्याने चहा पाजला आणि विचारलं, पाह्यलं काय तास? मी म्हटलं, पाहिलं. नपुंसकलिंगातच म्हटलं.

एसटी लागली. मी खिडकीत बसलो आणि वाट पाहू लागलो. गुणवंत खिडकीशी उभा होता, गाडी हिंगणघाटला किती वाजता पोचेल ते सांगत होता, पण तो एक शब्द काही म्हणेना. शेवटी मीच विचारलं, या खेपेला येजो म्हणाला नाहीस?

‘आता कायले म्हणू?’ तो म्हणाला. ‘बी तूच बांधून चालला.’

कंडक्टरने घंटी वाजवली. ती ऐकून माझे पाय सवयीने ताठ झाले, पण या वेळी उठायचं नव्हतं. गाडी हलली तसा मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि आमच्या कोकणी तोंडाने, जमेल तसं, त्याच्या बोलीत म्हटलं:

‘गुण्या, समुद्र ठेवला हाय तुह्यासाठी. येजो.’